दोन तोंडांचे मणी आणि तेल-पाण्याची सीमा : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

आज मॅडमशी बोलून प्रकल्पाचा विषय पक्का केला. तेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात त्या आंतरपृष्ठावर द्विमुखी कण, म्हणजे अर्धा भाग जलस्नेही आणि अर्धा जलद्वेषी असलेले कण, कसे बसतात आणि शेजारच्या कणाशी कसे वागतात, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आहे. अशा कणांना दोन तोंडांच्या रोमन देवतेवरून ‘जानस कण’ म्हणतात. पॅरिसमध्ये कासाग्रांद, व्हेसिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८-८९ च्या सुमारास काचेचे ५० ते ९० मायक्रॉन व्यासाचे मणी अर्धे वार्निशने झाकून, उघड्या अर्ध्या भागावर सिलेन (काचेला चिकटून तिला जलद्वेषी करणारे रसायन) चढवून आणि मग वार्निश धुऊन असे कण तयार केले. पिएर-जिल द जेन यांनी १९९१ च्या नोबेल व्याख्यानात त्यांचा आवर्जून उल्लेख केला. अशा मण्यांचा थर द्रवावर पसरला तर तो साबणाच्या रेणूंच्या थरासारखा सलग राहत नाही, मण्यांमधल्या फटींतून तो ‘श्वास’ घेऊ शकतो, ही त्यांनी मांडलेली कल्पना मला पहिल्यांदा वाचल्यापासून सोडत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवून ठेवते. ७० मायक्रॉनचा मणी काटेकोर अर्थाने कलिल, म्हणजे द्रवात तरंगत राहणारा अतिसूक्ष्म कण, नव्हे, कारण त्याला ब्राउनियन हालचाल (रेणूंच्या धक्क्यांनी होणारी अखंड थरथर) जवळपास नसते. परंतु आंतरपृष्ठाच्या दृष्टीने त्याचे वजन इतके किरकोळ आहे की तो वागतो कलिली कणासारखाच, आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून त्याची दोन्ही तोंडे वेगवेगळी दिसू शकतात. आमच्या प्रयोगशाळेत जे शक्य आहे ते याच आकारात.

१४ जून

मण्यांची सोय झाली. धातूचे सुटे भाग स्वच्छ करण्यासाठी ब्लास्टिंगच्या कामात बारीक काचमणी वापरतात, ते भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतून किलोभर मिळाले. ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली उतरलेले आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर राहिलेले तेवढेच घेतले. त्रिज्या सरासरी ३५ मायक्रॉन धरते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर बरेच मणी सुबक गोल आहेत, काही अंड्यासारखे आहेत, काहींना शेपूट आहे आणि काहींच्या पोटात हवेचा बुडबुडा आहे. उतरत्या काचेवरून घरंगळवले की गोल मणी खाली धावतात आणि वेडेवाकडे मागे राहतात. हे काम तीनदा केले. आईला धान्य पाखडताना पाहिले आहे, हात त्याच अंदाजाने चालला.

२१ जून

हातात काही येण्यापूर्वी हिशेब करून ठेवावा, असे मॅडमनी सुचवले. तो येथे सविस्तर लिहिते, कारण पुढे प्रत्येक वेळी याच आकड्यांकडे परत यावे लागणार आहे.

कण आंतरपृष्ठावर का चिकटून राहतो? तो तिथे बसला की तेल-पाण्याच्या सीमेचा जेवढा तुकडा त्याच्या अंगाखाली येतो तेवढी सीमा नाहीशी होते आणि तेवढी ऊर्जा वाचते. सगळीकडे सारख्या पृष्ठाच्या, ९० अंश स्पर्शकोन (आंतरपृष्ठ कणाला टेकते तिथे पाण्याच्या बाजूने मोजलेला कोन, जलस्नेही पृष्ठासाठी लहान, जलद्वेषीसाठी मोठा) असलेल्या गोल कणासाठी ही बचत म्हणजे पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले आंतरपृष्ठीय ताण. हिला मी या वहीत ‘एकक’ म्हणेन. डोडेकेन (आमच्या प्रयोगातले तेल) आणि पाणी यांच्यातील ताण मीटरला सुमारे ५२ मिलिन्यूटन धरला, तर १० नॅनोमीटर त्रिज्येच्या कणासाठी हे एकक खोलीच्या तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या (रेणूंच्या धक्क्यांतून कणाला मिळणाऱ्या ऊर्जेच्या) सुमारे ४००० पट येते, १ मायक्रॉन त्रिज्येसाठी सुमारे ४ कोटी पट आणि माझ्या ३५ मायक्रॉनच्या मण्यासाठी सुमारे ५००० कोटी पट. वजनाशी तुलना केली तर मणी स्वतःच्या व्यासाएवढा खाली जाताना त्याच्या उतरत्या वजनाने जी ऊर्जा मिळते तिच्या सुमारे हजारपट हे एकक भरते. रॅम्सडेन यांनी १९०३ मध्ये आणि पिकरिंग यांनी १९०७ मध्ये बारीक भुकटीने पायसे (तेल-पाण्याची थेंबाथेंबांची मिश्रणे) टिकतात हे दाखवले होते. ती का टिकतात याचे उत्तर या एका गुणाकारात आहे.

पण स्पर्शकोन ९० अंशांपासून ढळला की ही पकड झपाट्याने सैल होते. एकाच पृष्ठाच्या कणाची सुटण्याची ऊर्जा एककाला (१ वजा कोनाची कोसाइन) या संख्येच्या वर्गाने गुणून येते. कोन ६० अंश असेल तर एककाचा चौथा हिस्सा उरतो, ३० अंश असेल तर शंभरात दोन भागही उरत नाहीत.

द्विमुखी कणाचा हिशेब वेगळा पडतो. समजा दोन तोंडांमधील रेषा नेमकी विषुववृत्तावर आहे आणि तीच आंतरपृष्ठात बसली आहे : जलस्नेही अर्धा पाण्यात, जलद्वेषी अर्धा तेलात. कण तेलात ओढायचा तर नाहीशी झालेली सीमा पुन्हा निर्माण करावी लागते, म्हणजे एक एकक. शिवाय जलस्नेही अर्धगोलाला पाण्यातून काढून तेलात ढकलावे लागते, म्हणजे एककाच्या दुप्पट गुणिले त्या तोंडाच्या कोनाची कोसाइन. जलस्नेही तोंडाचा कोन ६० अंश असेल तर एकूण खर्च बरोबर दोन एकके होतो. कोन शून्य असेल तर तीन. दुसऱ्या तोंडाचा कोन १२० अंश असेल तर कण पाण्यात ओढण्यासाठीही तेवढाच खर्च येतो. बिंक्स आणि फ्लेचर यांनी २००१ मध्ये हाच मुद्दा मांडला : द्विमुखी कणाची पकड एकमुखी कणाच्या कमाल पकडीच्या तिपटीपर्यंत जाऊ शकते. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की ६० अंशांचा साधा मणी पाव एककाने धरला जातो आणि त्याच काचेचा मणी अर्ध्या अंगाने जलद्वेषी केला की दोन एककांनी, म्हणजे आठपट घट्ट.

४ जुलै

पहिला प्रयत्न वाया गेला. पॅरिसच्या मूळ रीतीने जायचे ठरवून मणी नायट्रोसेल्युलोजच्या वार्निशमध्ये अर्धे रुतवले आणि हेक्सेनमध्ये विरघळवलेले ऑक्टाडेसिल ट्रायक्लोरोसिलेन वर ओतले. हे रसायन पाण्याचा अंश दिसला की लगेच आपसातच जुळू लागते, आणि आठवडाभर पुण्यात पावसाची झड लागलेली आहे. बाटलीचे झाकण उघडताच कडेला हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर दिसला. अर्ध्या तासात द्रावण दुधाळ झाले आणि मण्यांवर पांढऱ्या पापुद्र्यांचा सडा पडला. बाटली पुरवठादाराकडून आली तेव्हाच तिचे सील सैल होते, हे मी त्या दिवशी वहीत लिहायला हवे होते.

वार्निशचाही एक दोष लक्षात आला, आणि तो रसायनापेक्षा मूलभूत आहे. वार्निश ओले असताना मण्याच्या अंगाला चढते, जसे पाणी पेल्याच्या काठाला चढते. त्यामुळे ते कुठे विषुववृत्ताच्या वर थांबते तर कुठे खाली. दोन शेजारी मणी टेकले असतील तिथे तर ते केशाकर्षणाने पार वर ओढले जाते. म्हणजे दोन तोंडांमधली रेषा सरळ येतच नाही. तेव्हा हा दोष नुसता टिपून ठेवला. कोरडी हवा असलेली पेटी आमच्याकडे नाही, म्हणून सिलेनचा मार्ग सोडून दिला.

१५ जुलै

मॅडमनी पर्याय सुचवला : भौतिकशास्त्र विभागात व्हॅक्युम कोटिंग युनिट आहे, मण्यांच्या एका बाजूवर सोन्याचा थर द्यावा आणि सोन्यावर थायॉल (ते तोंड जलद्वेषी करणारे गंधकयुक्त रसायन) चढवावे. थायॉलमधील गंधक सोन्याला घट्ट धरतो, काचेला नाही, आणि त्याला बाहेरच्या दमटपणाची फिकीर नसते. सोने लागते ते तारेचा एक लहान तुकडा.

युनिटमध्ये सोने खाली टंगस्टनच्या बोटीत (होडीसारख्या लहान पात्रात) तापते आणि वाफ वर जाते, म्हणजे काचपट्टी बेल जारमध्ये (हवा काढलेल्या काचेच्या घुमटात) पालथी टांगावी लागते. पालथी केली की मणी अर्थातच खाली पडतात. पहिल्या खेपेला ते बोटीतच पडले. प्रयोगशाळेतील मामांनी गेली वीस वर्षे हे युनिट सांभाळले आहे. त्यांनी एक शब्द न बोलता ती टंगस्टनची बोट चिमट्याने उचलून मला दाखवली आणि मग स्वतःच उपाय सांगितला : काचपट्टीवर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पातळ थर वाळवून घ्यायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडायची, थर जरासा चिकट झाला की मणी भुरभुरवायचे आणि उरलेले टिचकीने झाडून टाकायचे. काम झाल्यावर कोमट पाण्यात पट्टी बुडवली की थर विरघळतो आणि मणी सुटतात. मामांचा हा उपाय पहिल्याच वेळी चालला.

३० नॅनोमीटर सोने चढवले. जाडी क्वार्ट्झ स्फटिकाच्या जाडीमापकावर वाचली. मणी पाण्यात सोडवले, अल्ट्रासोनिकमध्ये दोन मिनिटे ठेवले, आणि सगळे सोने निघून आले. पाण्यावर ते मिठाईवरच्या वर्खासारखे तरंगत होते, उजेडाकडे धरले की हिरवट निळे दिसत होते. सोने काचेला धरत नाही, मध्ये क्रोमियमचा पातळ थर लागतो, ही पुस्तकातली गोष्ट मला माहीत होती. तरीही एका थराचे काम वाचवण्याच्या मोहाने मी ती टाळली होती.

२४ जुलै

आधी ३ नॅनोमीटर क्रोमियम, मग व्हॅक्युम न मोडता ३० नॅनोमीटर सोने. या वेळी सोने टिकले. मण्यांच्या मधल्या जागेवर जमलेला वर्ख मात्र मण्यांबरोबर सुटून येतो. मणी झटकन तळाशी बसतात आणि वर्ख रेंगाळतो, म्हणून वरचे पाणी पाच-सहा वेळा निथळून टाकले. मग ऑक्टाडेकेनथायॉलच्या एक मिलिमोलर इथेनॉल द्रावणात मणी २४ तास ठेवले. सोबत सोने चढवलेली सपाट पट्टीही ठेवली होती. तिच्यावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहतो आणि हवेतील स्पर्शकोन ११० अंशांच्या आसपास आहे, म्हणजे थायॉल नीट बसले आहे.

२ ऑगस्ट

पाहण्यासाठी पात्र तयार करणे हेच आठवडाभराचे काम झाले. साध्या पेट्री डिशमध्ये आंतरपृष्ठ कडेला वर चढते, आणि चढ असला की मणी कुठे जातील ते तो चढ ठरवतो, मण्यांचे आपापसातले बळ नाही. शेवटी चौकोनी काचपेटीत २५ मिलिमीटर व्यासाचे अॅल्युमिनियमचे धारदार कडे ठेवले, कड्यात काठोकाठ पाणी भरले आणि वरून पेटीत डोडेकेन ओतले. पाणी कड्याच्या धारेला पकडून राहते. सिरिंजने थोडे पाणी काढत-घालत आंतरपृष्ठ आरशासारखे सपाट करता येते. पेटीच्या भिंती दूर असल्यामुळे बाजूनेही तेलातून आडवे पाहता येते. याचा उपयोग पुढे होईल असे आज वाटले नव्हते, पेटी चौकोनी आहे ती केवळ तीच उपलब्ध होती म्हणून.

९ ऑगस्ट

आज मणी आंतरपृष्ठावर सोडले. थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मणी घेऊन सिरिंजचे टोक आंतरपृष्ठाला टेकवले आणि एक बारीक थेंब सोडला. मणी फुलासारखे पसरले.

खालून उजेड आणि वरून सूक्ष्मदर्शक अशी मांडणी आहे. सोन्याचे तोंड गडद दिसते आणि काचेचे स्वच्छ, म्हणून मण्यांच्या चंद्रकला दिसतात. सोने सरळ वर असेल तर मणी पूर्ण काळा दिसतो, ती अमावास्या. मणी आडवा पडला असेल तर अर्धा काळा, अर्धा उजळ, ती अष्टमी. अपेक्षेप्रमाणे सोने तेलाकडे म्हणजे वर असायला हवे. नजरेच्या टप्प्यातले बहुतेक मणी पूर्ण काळे होते, थोड्यांना बारीक उजळ कोर होती आणि दोनच मणी अष्टमीचे होते. मी तासभर उठले नाही. हाताने बनवलेली वस्तू कोणीही हात न लावता आपणहून कूस बदलून योग्य बाजूने बसते, हे कागदावरच्या हिशेबाने कितीही आधी सांगितले असले तरी पाहताना मन भरून आले.

१३ ऑगस्ट

शुक्रवारच्या नोंदीत दुरुस्ती करणे भाग आहे. मॅडमनी वही वाचून एकच प्रश्न विचारला : किती अंश कललेला मणी तुला वरून कललेला दिसेल?

हिशेब केला. दोन तोंडांमधील वर्तुळ कलले की वरून ते लंबवर्तुळ दिसते, आणि उजळ कोरीची रुंदी त्रिज्येला (१ वजा कलाची कोसाइन) ने गुणून येते. ६० अंश कलासाठी ती अर्धी त्रिज्या आहे, म्हणजे सहज दिसेल अशी. ३० अंशांसाठी पावणेपाच मायक्रॉन. १५ अंशांसाठी जेमतेम सव्वा मायक्रॉन. १० अंशांसाठी अर्धा मायक्रॉन, म्हणजे आमच्या भिंगाच्या कुवतीबाहेर. मण्याची कड प्रकाश वाकवते आणि तिथे एरवीही काळी किनार असते, हे धरले तर २० अंशांपर्यंत कललेला मणी मला सरळच दिसणार. शुक्रवारी मी ज्यांना सरळ म्हटले ते सरळ नव्हते, फार कललेले नव्हते एवढेच खरे.

उत्तर पेटीच्या चौकोनी भिंतीत होते. भौतिकशास्त्र विभागातून ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप आणून तेलातून आडवे पाहिले. बाजूने पाहताना तीच सीमा रेघेसारखी दिसते आणि पाच अंशांचा कलही नजरेत भरतो. पाहिले ते असे : काही मणी खरोखर सरळ आहेत, पण बरेच ५ ते २५ अंशांच्या दरम्यान कललेले आहेत, प्रत्येक जण वेगळ्या दिशेला, जत्रेतल्या गर्दीत एकेकाने मान वळवावी तसे. दोन तास थांबूनही त्यांचा कल बदलला नाही.

२२ ऑगस्ट

कललेले मणी सरळ का होत नाहीत, या प्रश्नावर हा आठवडा गेला.

आंतरपृष्ठ सपाट राहिले असे मानले तर कलण्याचा खर्च सोपा आहे. मणी कलला की एका बाजूला जलस्नेही पृष्ठाची फोड तेलात जाते आणि समोरच्या बाजूला जलद्वेषी पृष्ठाची तेवढीच फोड पाण्यात जाते. संत्र्याच्या फोडीचे क्षेत्रफळ कोनाच्या समप्रमाणात असते, म्हणून खर्चही कोनाच्या समप्रमाणात वाढतो. याचा अर्थ ऊर्जेचा तळ वाटीसारखा गोलाकार नाही, दोन सरळ उतार मिळून झालेली धारदार घळ आहे, आणि घळीच्या तळापासून एक अंश दूर असतानाही परत खेचणारे बळ-आघूर्ण (फिरवणारा जोर) पूर्ण असते. ६० आणि १२० अंशांच्या तोंडांसाठी माझ्या मण्याचा एका अंशाचा खर्च औष्णिक ऊर्जेच्या सुमारे ५४ कोटी पट येतो. एवढ्या बळापुढे मणी कललेला राहायलाच नको.

पण या हिशेबात स्पर्शरेषा, म्हणजे आंतरपृष्ठ मण्याला जिथे टेकते ती रेषा, पृष्ठावरून तेल लावल्यासारखी घसरते असे गृहीत आहे, आणि प्रत्यक्षात ती अडखळते. पुढे सरकताना काचेवर पाण्याचा कोन वेगळा असतो, मागे हटताना वेगळा, आणि या दोहोंमध्ये कितीतरी अंशांचा फरक असू शकतो. तो फरक ओलांडल्याशिवाय रेषा जागची हलत नाही. हार्वर्डमध्ये मनोहरन यांच्या गटाने २०१२ मध्ये साध्या, एकमुखी कणांवर दाखवले की आंतरपृष्ठाला टेकल्यावर कण क्षणात समतोलाला पोहोचत नाही, स्पर्शरेषा पृष्ठावरच्या सूक्ष्म खाचाखोचांवरून टप्प्याटप्प्याने, काळाच्या लॉगॅरिथमने, म्हणजे उत्तरोत्तर मंद होत, सरकते, आणि समतोल यायला महिनेही लागू शकतात. साध्या कणाची ही कथा असेल तर ज्याच्या कमरेला धातूची दातेरी किनार आहे त्या माझ्या मण्याने दोन तासांत सरळ व्हावे ही अपेक्षाच चुकीची होती.

तेलातून सोडलेले मणी अल्कोहोलमधून सोडलेल्यांपेक्षा जास्त कललेले राहतात, हेही आज दिसले. अल्कोहोल पसरताना काही क्षण ताण आणि कोन दोन्ही बदलतात, त्या मोकळिकीत मणी वळून घेत असावेत.

३० ऑगस्ट

आजची नोंद लांब आहे.

दोन मणी जवळ असले की एकमेकांकडे येतात. काठाकडे उतार नाही, हवेचा झोत नाही, पेटीवर झाकण आहे, तरी येतात, आणि एकदा चिकटले की सुटत नाहीत. साध्या काचमण्यांच्या बाबतीतही थोडे असे होते. मणी वजनाने आंतरपृष्ठाला किंचित खळगा पाडतो आणि दुसरा त्या खळग्यात घरंगळतो, दुधात तरंगणारे पोहे कडेला आणि एकमेकांना चिकटतात त्यातलाच हा प्रकार. पण द्विमुखी मण्यांची चाल निराळी आहे. ते बराच वेळ जेमतेम सरकतात आणि शेवटी अचानक झडप घालतात.

याचे कारण कमरेची किनार. आंतरपृष्ठ तिला धरून राहते. ती वरखाली असेल तर आंतरपृष्ठालाही तिच्याबरोबर वरखाली व्हावे लागते. कणावर वजन नाही आणि पीळ नाही असे धरले, तर द्रवाला उरणारा सर्वांत साधा आकार म्हणजे दोन बाजूंना उंचवटा आणि आडव्या दोन बाजूंना खळगा, घोड्याच्या खोगिरासारखा. एकाच्या उंचवट्यासमोर दुसऱ्याचा उंचवटा आला की मधली द्रवसीमा आखडते आणि ऊर्जा वाचते, म्हणून दोघे वळून तसे समोरासमोर येतात आणि ओढले जातात. स्टामू आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये या आकर्षणाचा हिशेब मांडला. ऊर्जा किनारीच्या चढउताराच्या वर्गाने वाढते आणि अंतराच्या चौथ्या घाताने घटते. त्या सूत्रात १ मायक्रॉन त्रिज्येचा कण आणि केवळ १० नॅनोमीटरचा चढउतार घातला, तर अडीच त्रिज्यांच्या अंतरावर औष्णिक ऊर्जेच्या सुमारे १२०० पट आकर्षण निघते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील गटाने २०११ मध्ये तेल-पाण्यावरच्या द्विमुखी कणांमध्ये अशाच आकर्षणाने झालेले झुबके नोंदवले आहेत.

वजनाचे आकर्षण आणि खोगिराचे आकर्षण वेगळे ओळखायचे कसे? चालीवरून. बळ आणि द्रवाचा रोध एकमेकांना तोलतात असे धरले, तर वजनामुळे येणारे मणी उरलेल्या वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे जवळ येतात : अंतर निम्मे व्हायला एकूण वेळेचे चारपैकी तीन भाग लागतात. खोगिरामुळे येणारे मणी उरलेल्या वेळेच्या सहाव्या मुळाप्रमाणे येतात : अंतर निम्मे व्हायला चौसष्टपैकी त्रेसष्ट भाग जातात आणि उरलेले सगळे अंतर शेवटच्या एका भागात संपते. ती झडप हीच.

मोबाइल सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेला बांधून चित्रण केले, शेवटचा भाग सेकंदाला २४० चौकटींच्या वेगाने. चौकट-चौकट थांबवून अंतर मोजले. नऊ जोड्यांपैकी सात सहाव्या मुळाच्या रेषेला धरून आहेत. उरलेल्या दोन जोड्यांजवळ तिसरा मणी होता, त्या सोडून दिल्या. अर्ध्या मिलिमीटरवरून एकत्र यायला १५ ते ४० सेकंद लागले. उलटा हिशेब केला तर त्यासाठी किनारीचा चढउतार दीड ते अडीच मायक्रॉन असायला हवा. इतक्या चढउताराला खोगिराचे आकर्षण साधारण एक मिलिमीटरच्या आत वजनावर मात करते, म्हणजे माझ्या सगळ्या जोड्या त्याच राज्यात होत्या.

५ सप्टेंबर

झुबके पाहिले. षट्कोनी जाळे कुठेच नाही. आधी दोन-दोन, मग वाकड्या साखळ्या, मग फांद्या. मणी चिकटल्यावर घसरून नीट जागा घेत नाहीत. उद्यापासून गणपतीची सुट्टी.

१९ सप्टेंबर

सुट्टीत मनात एकच प्रश्न होता : सोन्याची वाफ सरळ रेषेत येते, मग किनार दीड-दोन मायक्रॉन वरखाली का व्हावी? वार्निशचा चढण्याचा दोष इथे नाही.

उत्तर थराच्या जाडीत सापडले. वाफ वरून सरळ येते, पण मण्याचे पृष्ठ कमरेकडे जाता जाता उभे होते, म्हणून तिथे जाडी कलाच्या कोसाइनने कमी होत जाते. माथ्यावर ३० नॅनोमीटर असेल तर माथ्यापासून ८० अंशांवर फक्त ५ नॅनोमीटर. एवढे पातळ सोने सलग पापुद्रा होतच नाही, ते सुट्या बेटांत जमते. म्हणजे विषुववृत्ताआधीच्या शेवटच्या दहा अंशांत, सहा मायक्रॉन रुंदीच्या पट्ट्यात, सोन्याची बेटे आणि त्यांच्यामध्ये क्रोमियम आणि काच अशी सरमिसळ आहे. दोन तोंडांमध्ये रेषा नाहीच, पट्टा आहे, आणि आंतरपृष्ठ त्या पट्ट्यात कुठे वर तर कुठे खाली अडकते. दीड ते अडीच मायक्रॉनचा आकडा या पट्ट्यात सहज बसतो.

कलण्याचा प्रश्न आणि आकर्षणाचा प्रश्न मी आजवर वेगळे धरले होते. दोन्ही याच पट्ट्यातून निघतात. जून महिन्यात मी तोंडांच्या कोनांवर पाने भरली, आणि मण्यांचे वागणे ठरत होते त्या दोन तोंडांमधल्या सहा मायक्रॉनांवर.

२७ सप्टेंबर

पट्टा काढून टाकता येईल का? आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइड यांचे द्रावण सोने खाते. अगदी विरळ द्रावणात काही क्षण बुडवले तर सगळीकडून सारखेच ५ नॅनोमीटर जाईल : माथ्यावर २५ उरेल आणि बेटांचा पट्टा मात्र पूर्ण नाहीसा होईल. खाली क्रोमियम राहील, पण त्याचे पृष्ठ ऑक्साइडचे, जलस्नेही असते आणि थायॉल त्याला सोन्यासारखे धरत नाही, म्हणून तो भाग काचेच्या तोंडात जमा होईल. सीमा विषुववृत्तावरून सहा मायक्रॉन माथ्याकडे सरकेल, ते मला चालेल.

थायॉल चढवण्यापूर्वी, मणी पट्टीवर असतानाच हे करायचे ठरवले, पण पट्टी पाण्यात गेली की मणी सुटतात. म्हणून द्रावण पाण्याऐवजी इथेनॉलमध्ये केले. सपाट पट्टीवर वेळ ठरवण्यात दोन दिवस गेले. पहिल्या तुकडीचे सोने जास्त खाल्ले गेले, दुसरी जमली.

४ ऑक्टोबर

दुसऱ्या तुकडीचे मणी आज आंतरपृष्ठावर आहेत. बाजूने पाहता कल कमी आहे. बहुतेक मणी दहा अंशांच्या आत आहेत, तरी पूर्ण सरळ सगळे नाहीत.

जोड्यांचे चित्रण सुरू केले आणि पहिल्याच जोडीला अर्ध्या मिलिमीटरवरून एकत्र यायला सहा मिनिटे लागली. दुसरीला साडेपाच. आधीच्या सेकंदांशी तुलना केली तर किनारीचा चढउतार अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास उतरला आहे. पण इतक्या लहान चढउताराला वजनाचे आकर्षण साधारण सहाशे मायक्रॉनवरच बरोबरीला येते, म्हणजे आता या अंतरावर दोन्ही बळे एकत्र काम करत आहेत आणि सहाव्या मुळाची रेषा सुरुवातीच्या भागात वाकायला हवी. ती वाकते की नाही हे पाहण्यासाठी जोडी याहून दूर, एक मिलिमीटरवर सोडावी लागेल आणि तासभर तरी हवेचा धक्का लागू देता कामा नये.

तिसरी जोडी आत्ता भिंगाखाली आहे. चारशे ऐंशी मायक्रॉन. पेटीखाली ठेवायला मामांनी स्पंजचा जाड तुकडा आणून दिला आहे आणि खोलीचा पंखा बंद केला आहे.